पालीच्या रकान्यातली सही

भोर, मंगळवार, १५ ऑक्टोबर १९३५

प्रिय सुगरा,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. आधीची पाच तू वाचलीस की चुलीत घातलीस, ते मी विचारत नाही. शब्बीर अंथरुणावर आहे हे मला कळलंय. कुणाकडून आणि कधीपासून, ते पुढे सांगतो. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा खिडकी लावायला आणि एकदा उगीचच. तुझी अम्मा म्हणाली, येरझाऱ्या घालून टाकाचं टोक झिजायचं नाही, फरशी झिजेल, बसा एका जागी. बसलोय. आपला थैली नेणारा शिपाई रखमाजी दुपारची मोटार पकडून नसरापूरला उतरणार आणि तिथून पायी मार्गासनीवरून पालीला तुझ्याकडे येणार. त्याच्या हातात हे पडलंच पाहिजे.

फिरत्या वहीचं तुला काही सांगायला नको. लहानपणी तिच्या पानांवर रेघा तूच मारून द्यायचीस. वरच्या भागात सण आणि सुट्ट्या, मधल्या भागात आरोग्य, खालच्या भागात नोकरवर्गाच्या बातम्या, आणि मागच्या पानावर एकेका शाळेचा रकाना. बावीस वर्षं ही वही मी लिहितोय. श्रावण आला की नागपंचमीची सुट्टी लिहायची आणि पाणी उकळून पिण्याची आठवण द्यायची. भाद्रपदात गणपती, आणि उघड्यावरची मिठाई मुलांना देऊ नये. दसऱ्याला पाटीपूजन, शाळा आदल्या दिवशी सारवून घ्यावी. ईद कोणत्या वारी येईल ते चंद्रावर सोपवून दोन्ही वार लिहायचे. मग कोण कुठे बदलून गेलं, कुणाकडे पाळणा हलला, कोण रजेवर आहे. वही या मास्तरांकडून त्या मास्तरांकडे जाते, प्रत्येक जण ‘वाचले’ असं लिहून सही करतो, आपल्या शाळेची दोन ओळी खबर देतो, आणि पंधरा-वीस दिवसांनी हळदीचे आणि तेलाचे डाग घेऊन वही माझ्या टेबलावर परत येते. मला ते डागसुद्धा आवडतात. मार्गासनीचे कुंडलिक मास्तर वही जेवताना वाचतात हे मी डागावरून सांगू शकतो.

त्याच वहीत, गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, बदल्यांच्या यादीत मी शब्बीरचं नाव पालीसमोर लिहिलं. तुला वाटतं ते आमच्या शाळाखात्याच्या साहेबांनी घातलं. तसं मीच तुला वाटू दिलं. पालीची जागा रिकामी पडली होती, पावसाळ्याच्या आणि तापाच्या भीतीनं तिथं जायला कुणी राजी नव्हतं, आणि कचेरीत कुजबुज चालली होती की हेडक्लार्कचा, म्हणजे माझा, जावई सारोळ्याला हमरस्त्यावरच्या सोयीच्या शाळेत बसून आहे. साहेबांनी मला यादी करायला सांगितली, नाव सांगितलं नव्हतं. नाव माझं. तू एवढंच म्हणालीस की अब्बा, त्यांचा ताप उतरून दोन महिनेसुद्धा झाले नाहीत, पावसाळा जाऊ द्या, मग आम्ही आनंदानं जाऊ. मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा. सुगरा, नियम वगैरे काही नव्हतं. माझ्याकडे कुणी बोट दाखवू नये, एवढंच मला हवं होतं. माझ्या इभ्रतीसाठी मी आजारातून उठलेल्या माणसाला डोंगराच्या पायथ्याशी पाठवलं. तू गाडीत बसलीस, बोचकं मांडीवर घेतलंस आणि मागं वळून पाहिलं नाहीस. ती पाठ मला अजून दिसते.

पत्रांना उत्तर येईना, तेव्हा मला एक युक्ती सुचली. हसशील. पत्र तू उघडणार नाहीस, पण वही शब्बीरच्या घरी येणार आणि घरात वाचायला येईल ते तू सोडणार नाहीस, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी आरोग्याची कलमं तुम्हा दोघांसाठी लिहायला लागलो. गेल्या दिवाळीनंतर लिहिलं की खोऱ्यातल्या मास्तरांनी मच्छरदाणीशिवाय निजू नये, आणि त्याच थैलीतून आपल्या घरची मच्छरदाणी पाठवून दिली. शब्बीरला हिवतापावरची कोयनेल उपाशीपोटी सोसत नाही, म्हणून लिहिलं की कोयनेल भाकरी खाऊन मगच घ्यावी व वर गुळाचा खडा खावा. तुला पावसात पाय भिजले की खोकला धरतो, म्हणून लिहिलं की शिक्षकांच्या घरच्या मंडळींनी ओल्या पायांनी चुलीपुढं बसण्याऐवजी पाय पुसून मोहरीचं तेल चोळावं. सगळ्या खोऱ्यातले मास्तर बिचारे तसं करत होते! कुंडलिक मास्तरांनी रकान्यात लिहून पाठवलं की मोहरीचं तेल इकडे मिळत नाही, करंजाचं चोळलं आहे, घरी वासाबद्दल तक्रार आहे, पुढील आज्ञा व्हावी. बातम्यांच्या भागात मी एकदा लिहिलं, कचेरीच्या आवारातील शेवग्यास फुले आली. साहेबांनी विचारलं, ही नोकरवर्गाची बातमी कशी? मी म्हणालो, झाड सरकारी आहे. तू लहानपणी त्या शेवग्याखाली बसून धुळाक्षरं गिरवायचीस, हे त्यांना काय सांगू?

आता श्रावणाच्या वहीबद्दल. ती परत आली आणि पालीच्या रकान्यात सही बरोबर होती, अक्षर शब्बीरच्या वळणाचं होतं, अगदी शेवटचा फाटासुद्धा. पण खबर अशी होती: नागपंचमीस मुली झोक्यासाठी देवळापाशी जमल्या असता त्यांस शाळेत बोलावून फेराची गाणी पाटीवर लिहविली, पटावर नवीन मुली नऊ. आधी दोन होत्या, म्हणजे एकूण अकरा. मी ती ओळ वाचली आणि उठून दार लावून घेतलं. शब्बीर गुणी आहे, मेहनती आहे, पण झोक्यावरच्या मुलींना गाण्याच्या निमित्तानं पाटीपाशी आणायचं हे त्याच्या डोक्यात येणार नाही. माझ्याही आलं नसतं. आणि पालीच्या कोणत्या आईनं आपली मुलगी परक्या गावच्या पुरुष मास्तरापाशी अशी बसू दिली असती? ते पान मी घरी आणलं. अम्मानं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, ही माझ्या पोरीची अक्कल आहे. मग रडली.

रखमाजीला गाठलं. आधी कबूल होईना. तंबाखू मळत बसला, शेवाळ, पाऊस, बैल, सगळं सांगून झालं. शेवटी म्हणाला, मास्तर लई दिस झालं अंथरुनाव हायेत, बाईच शाळा घेत्यात, पोरंबी येत्यात अन् पोरीबी. शेजारची ठकुबाई रोज शेळीचं दूध आणून देती. पन म्या बोललो न्हाई बरं का, समद्या गावानं आण घेतलीया. साऱ्या गावाला माहीत, वहीला माहीत नाही, आणि वही लिहिणाऱ्या बापाला तर मुळीच नाही. तुला माझ्यापासून लपवावं लागलं, याची मला लाज वाटते. मी नियमाचा माणूस, कळलं तर जागा रिकामी लिहीन, असंच तुला वाटलं ना? बरोबरच वाटलं. गेल्या वर्षी मी तसंच केलं असतं.

मग दोन महिने मी गप्प राहिलो. तिकडे यायला पाऊल उचलायचो आणि वाटायचं, मला पाहिलं की तू दार लावून घेशील. म्हणून मी पुन्हा त्याच वहीचा आडोसा घेतला आणि त्यातच घोटाळा करून बसलो. भाद्रपदाच्या आरोग्यात कलम घातलं: ज्यांस वर्षात दोन वेळा हिवताप आला असेल अशा शिक्षकांनी दिवाळीच्या सुट्टीत भोर येथे येऊन दवाखान्यात तपासून घ्यावे. कलम सगळ्यांना, पण मनात एकटा शब्बीर. वाटलं, या निमित्तानं तू त्याला गाडीत घालून आणशील आणि कुणालाच काही कबूल करावं लागणार नाही. साहेबांनी कलम वाचलं आणि त्यांना ते फारच पसंत पडलं. मी लिहिला होता सल्ला, त्यांनी केला हुकूम. सुट्टीची वाट पाहायची नाही, आपण स्वतः शाळांवर जाऊन शिक्षक पाहायचे, आणि जो उभा राहून शिकवू शकत नाही त्याची जागा तिथल्या तिथे रिकामी धरायची. आणि सुरुवात कुठून? तर पालीपासून! कारण डोंगरातल्या शाळेत अकरा मुली बसतात हे त्यांना डोळ्यांनी पाहायचंय. येत्या शुक्रवारी, सकाळी शाळा भरायच्या वेळेला. तुझं चांगलं काम आणि माझं शहाणपण, दोन्ही मिळून त्यांना तुझ्या दारात घेऊन येतंय.

हे सगळं लिहिलं ते एका गोष्टीसाठी, आणि ती लिहायला मन धजत नव्हतं म्हणून इतकी पानं भरली. सुगरा, मी तुला ओळखतो. कुंडलिक मास्तर साहेबांच्या दौऱ्याचा निरोप तुला धाडतीलच. तो मिळाला की तू शब्बीरला उठवशील, तोंड पुसशील, लग्नातला काळा कोट घालशील आणि खुर्चीत बसवून मुलांना सांगशील की आज मास्तर काही विचारणार नाहीत. तुझ्यासाठी तो बसेलही. तापात, घाम पुसत, साहेब जाईपर्यंत बसेल. आणि त्यातून मग तो उठणार नाही. मी त्याला एकदा आजारातून उठवून पालीला धाडलं, आता तू त्याला अंथरुणातून उठवू नकोस. त्याला निजू दे. काल संध्याकाळी मी साहेबांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं: यादीतलं नाव माझं, सह्या माझ्या मुलीच्या, आणि श्रावणापासून माहीत असून मी बोललो नाही. ते म्हणाले, शुक्रवारी आधी शाळा पाहतो, मग मास्तरांचं, बाईंचं आणि तुमचं, तिघांचं ठरवतो. काय ठरवतील ते मला माहीत नाही. बावीस वर्षांची नोकरी जाईलही. मी त्यांच्याबरोबर येतोय, मागून कडबा आणि गादी घातलेली गाडी घेऊन, शब्बीरला भोरच्या दवाखान्यात आणायला. अम्मा पण येतेय, ती ऐकत नाही. तू दार लावून घेतलंस तर मी ओट्यावर बसेन. रखमाजीच्या थैलीत या महिन्याची वहीही आहे. बातम्यांच्या भागात शेवटची ओळ पाहा, माझ्याच हातची आहे आणि खाली साहेबांची सही अजून नाही: पाली, शब्बीर मास्तर आजारी रजेवर, त्यांचे जागी सुगराबाई यांची नेमणूक व्हावी, शिफारस करणार त्यांचे वडील. माझ्या माणसाची शिफारस मी जन्मात पहिल्यांदा करतोय. शुक्रवारी फळ्यापाशी तू उभी राहा, मुलींना पुढच्या रांगेत बसव. आणि त्याआधी पालीच्या रकान्यात ‘वाचले’ असं लिहून, पोरी, या वेळी तुझी सही कर.

तुझाच,
अब्बा