खाली गेल्यावर श्वास घ्यायचा

४ मार्च

बसले एकदाची त्या टाकीत! दार लावून आत हवा कोंबतात. माणूस खुर्चीवरच, पण दाब समुद्रात खोल उतरल्यासारखा. तोंडावर मुखवटा, त्यातून ऑक्सिजन.

शेजारी निवृत्त मास्तर. घशाच्या कॅन्सरला दिलेल्या रेडिएशननं त्यांचा जबडा सडतोय. माझं मूत्राशय. गर्भाशयाचा कॅन्सर जाऊन तीन वर्षं झाली, पण रेडिएशननं आत सगळं भाजून ठेवलंय. लघवीतून रक्त. ऑक्सिजननं ते भरून येतं म्हणे. डॉक्टरांनी बजावलंय — ‘रक्त थांबलं तरच समुद्र.’

खाली जाताना मास्तर कान धरून ‘आई गं’ करत होते. मी ऐटीत. जन्म गेला जेजू बेटाच्या समुद्रात बुड्या मारून शंख काढण्यात, माझे कान काय दुखणार!

५ मार्च

फजिती! टाकीचा दाब उतरवताना नर्स बू एकदम ओरडली, ‘आजी, श्वास धरलात की काय?’ धरलाच होता! कधी धरला, मलाच ठाऊक नाही. आईनं शिकवलेली पहिली गोष्ट — पाण्याखाली तोंड मिटायचं, श्वास वर आल्यावर. इथे उलटंच. वर येताना कोंडला तर फुप्फुस फाटतं.

९ मार्च

पुन्हा तेच. बूनं मांडीवर चापटी मारली. ‘ऐकणार नसाल तर आत घेणार नाही हं, आजी. गाणं म्हणा! गाताना श्वास धरता येत नाही.’

गायले. मास्तर म्हणाले, ‘जबडा परवडला, पण हे आवरा.’ मेला!

१७ मार्च

रक्त तसंच. आज रडले.

२ एप्रिल

ओक-सुन संत्री घेऊन आली. बुडी मारायला आम्ही दोघी कायम जोडीनं. म्हणाली, ‘ताई, तू नाहीस तर मी खोल जातच नाही. वर आलं की तुझी शीळ ऐकू येत नाही, जीव नुसता टांगणीला.’ वर आल्यावर श्वास सोडताना शीळ निघतेच आमची. म्हटलं, येते गं, थांब जरा.

२० एप्रिल

लघवी स्वच्छ! चार दिवस पाहिलं, मगच लिहितेय. हरखून बूला मिठीच मारली. ती म्हणाली, ‘आणि श्वासही आता आपोआप घेता. गाणंही लागत नाही!’

मास्तरांना तांदळाच्या वड्या दिल्या. चघळत बसले बिचारे.

६ मे

डॉक्टर म्हणाले, ‘जा आता.’ रबरी पोशाख उन्हात टाकला. तळाशी जायला कंबरेला बांधतो ते शिसं घासून ठेवलं. झोप कुठली!

७ मे

आज उतरले. पाणी गार. तळाशी शंख दिसला, हात घातला — आणि श्वास घेतला.

ओक-सुननं बखोटीला धरून वर काढलं. ‘ताई, अगं झालं काय तुला?’ नाकातोंडातून पाणी. शीळ नाहीच. ‘पाय अडकला,’ मी थाप मारली.

उद्या तिला सांगायला हवं, दुसरी जोडीदारीण बघ.