पाळीवरच्या आठ फरशा

२४ जुलै
लाखांदूरला पोचले एकदाची! पुण्याहून नागपूर, तिथून एसटी, मांडीवर स्पीकरचं खोकं. तलावाच्या पाळीवर, लोकांच्या फिरायच्या वाटेत, मी आठ फरशा बसवणार. फरशीवर पाय पडला की दिवा लागेल आणि रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, गाण्याची एक ओळ वाजेल. आठही फरशांवर माणसं उभी राहिली की अख्खं गाणं. तिकडे कोण बघणार, म्हणून मित्रमंडळी हसली होती. बघाच आता. इथला वायरमन विनोद कामाचा माणूस आहे.

२७ जुलै
विनोदची आई केशरबाई रोवणीत गाणं उचलते, बाकीच्या बाया मागून झेलतात. पाळीखालच्या बांधीत, भाताच्या खाचरात, मीही गुडघाभर चिखलात उभी राहून तिचा आवाज टिपला. वय सत्तर, पण काय धार! ओळी निघाल्या नऊ आणि माझ्या फरशा आठ. शेवटच्या ओळीत नुसती बायांची नावं होती. ती कापली आणि पुसूनही टाकली, मला दोनदा विचार करायची सवय नाही. केशरबाई चिडली. "थे कायले कापली, पोरी? थे तं पायजेच." कलाकाराचा मान, दुसरं काय.

१ ऑगस्ट
उद्घाटन दणक्यात झालं. दिघोरीहूनसुद्धा माणसं आली, एकेका फरशीसाठी ढकलाढकली. मला फार फार आनंद झाला. केशरबाई पहिल्या फरशीवर उभी राहिली, आपला आवाज ऐकला आणि वाकली. वाकलेलीच घरी गेली. कंबर धरली असणार.

३ ऑगस्ट
विनोद सकाळीच आला. म्हणाला, "मॅडम, माय थांबूनच नाई राहिली." जाऊन पाहिलं. केशरबाई अंगणात वाकून रोवतेय. हातात रोप नाही, तरी बोटं मातीत खुपसते, एक पाऊल मागे सरकते, पुन्हा खुपसते. दोन दिवस पोटात अन्न नाही. नखं फुटलीत. डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं, तर झोपेतही हात चालूच. अशानं ती मरेल. मी असलं काही मानत नाही, असं विनोदला ठणकावलं. आवाज जरा जास्तच चढला.

४ ऑगस्ट, दुपार
भर उन्हात आठही फरशा पेटल्या. वर कोणीच नव्हतं. गाणं आठव्या ओळीवरून पुन्हा पहिलीवर. बटण बंद केलं, वाजतंय. तार कापली — वाजतंय. फरशांवर चिखलाची ओली पावलं, सगळी मागे सरकत गेलेली. लोक म्हणतात, मिळेल त्या एसटीनं निघा. नाही निघणार. घोळ माझा आहे, मीच निस्तरेन.

५ ऑगस्ट
केशरबाईची जोडीदारीण आनंदाबाई अखेर बोलली. नावांची ओळ म्हणजे सुट्टी. गाणं उचलणारी एकेकीचं नाव घेऊन घरी जा म्हणते, तेव्हा पाय सुटतात. तिचं स्वतःचं नाव मात्र दुसरीनंच घ्यावं लागतं. केशरबाईचा आवाज पार बसलाय. तिचं नाव बांधीत उतरून कोणीतरी घ्यायला हवं. मी घेईन. माझं नाव आनंदाबाई पाळीवरून घेणार. ठरलं.

६ ऑगस्ट, सकाळ
भीती वाटतेय. तरी जाणार.

नंतर
जमलं! विनोदनं केशरबाईला बांधीत आणलं, मी चिखलात उतरून नाव घेतलं, केशरबाई, घरी चाला. ती ताठ उभी राहिली. पाणी मागितलं. विनोदनं उचलून घरी नेली —

वही बांधावर आहे. डाव्या हातानं लिहितेय. उजवा रोवतोय, ऐकत नाही —

आनंदाबाई पाळीवर — पहिल्या फरशीवर — वाकलीय. तीही —

रडणार नाही. वाजवा, किती वाजवायचं ते. कोणी नसेल तर माझं नाव मीच घेते. मोठ्यानं. कामिनी, घ—