दोन बादल्या गरम पाणी

रवि. ४ फेब्रु. १९९०
नेमबाजीचा खरा खर्च आज मांडला. काळी दारू, शिसं, ठिणगीच्या टोप्या, ते किरकोळ. खरा खर्च दोन बादल्या उकळतं पाणी. माझी दोन्ही रिव्हॉल्व्हरं जुन्याची नवी नक्कल असली तरी दारू जुनीच. काजळी त्याच दिवशी धुतली नाही तर लोखंड खाते. आणि नळाला परवापासून थेंब नाही. केबिन रोडवर नळ-पाइपचं दुकान माझं, नि घरात ही तऱ्हा.
पिंपाच्या तळाशी होतं तेवढ्यात पितळी चौकटीचं धुऊन झालं. पोलादी राहिलं. हिला म्हटलं, अर्धी बादली दे. "प्यायला नाही आणि तुमच्या बंदुकीला आंघोळ?"
बाकी मुर्ध्याच्या ओसाड मिठागरात सकाळ झकास गेली. दोस्त सावंतनं स्वतःचं रिव्हॉल्व्हर आणलं नव्हतं. "दुरुस्तीला टाकलंय." माझं पोलादी त्यानंच जास्त उडवलं. आमच्या नेमाच्या फळीकडे बघून बांधावरचा म्हातारा: "शेट, आवाज लय हाय, फलीला काय झाला न्हाय!" पोट धरून हसलो.

सोम. ५
दुकानात शिपाई. निवडणूक आहे, परवान्याची हत्यारं आजच्या आज चौकीत जमा. म्हटलं, एक दिवस द्या, धुऊन आणतो. "शेठ, वरून ऑर्डर आहे." दिली दोन्ही. पोलादी तसंच काळं.
ही म्हणाली, आता? म्हटलं, चौकीतले नळ मी बसवलेत. हवालदारापासून साहेबापर्यंत सगळे नावानं ओळखतात. तिथंच बसून धुतो की नाही बघ.

गुरु. ८
काल पाणी आलं. थर्मासात गरम पाणी, तेल, फडकं घेऊन चौकीत. हवालदार चहा प्यायला, माझाच. "सील लागलं शेठ. आता निकालानंतर." बंद कपाट, खाडीची दमट हवा. आत काय चाललं असेल ते...

रवि. ११
चहाच्या टपरीत फळीपलीकडून सावंतचा आवाज. आपले कान तिखट. "मी तर दोन तारखेलाच, शुक्रवारी जमा केलं. चकाचक, तेल लावून."
उठून समोर उभा राहिलो. दुरुस्तीला टाकलं होतंस ना?
जरा चपापला. मग म्हणतो, "जमा करायचा हुकूम येणार हे ऑफिसात आधीच कळलं होतं रे. तुला सांगितलं असतं तर तूपण लगेच जमा केलं असतंस. मग रविवारी मी काय उडवणार होतो?" वर हसला.
मीपण हसलो. गिऱ्हाइकाशी हसतो तसा. चहाचे पैसे त्याला देऊ दिले नाहीत.

सोम. १९
चौकी. चहा. "बघू शेठ." दर दोन-तीन दिवसांनी हेच चाललंय.

बुध. २१
सावंत दुकानात. नळाचा वॉशर हवा होता. दिला. "रागावलास काय लेका?" नाही रे. "परत मिळालं की पुन्हा मिठागरात जाऊ." बघू म्हटलं. हा माणूस मला जहाजावरच्या एका इंजिनिअरकडे घेऊन गेला होता. पोलादी मिळालं ते त्याच्यामुळेच. तेही खरं.
ही म्हणते, लोखंडासाठी माणूस तोडता? तोडतोय कोण. मी फक्त...

सोम. १२ मार्च
निकाल लागून गेले. परत द्यायचा हुकूम अजून आलेला नाही, पण हवालदारानं सील काढून बघू दिलं, उपकार. पितळी ठीक. पोलादीच्या गोळ्यांच्या चक्राला लाल बुरशीसारखा गंज. घोडा मागं ओढला की कट-कट वाजायचं, कान त्याचीच वाट बघत होते. जोर लावला. हलला नाही. घासून निघेल, कदाचित. नळीच्या आतलं बघायला मिळालं नाही.
"आजोबांचं काय हो?" हवालदारानं विचारलं. म्हटलं, नाही हो, नवंच आहे.
महिनाभर माझा चहा प्यायलेला माणूस. म्हणाला, पुढच्या आठवड्यात या, चिठ्ठी करून ठेवतो. कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं.
"नाव काय तुमचं?"