शनिवारचे दोन तास

१२ जानेवारी
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
सोमवारी मामाला कारखान्यातच झटका आला. जीव वाचला, उजवा हात आणि वाचा गेली.

कारागिरांना शिकवायचे मामाचे शनिवारचे दोन तास मी बंद केले तेव्हा तू रागावली होतीस. दुपारी कामं थांबवायची, कृत्रिम पाय लावून कुणीतरी खोलीभर चालायचं, आणि पाचही कारागिरांनी डोळे मिटून ऐकायचं, कुठे टोचतंय ते ओळखायचं. इकडे पायांसाठी माणसं खोळंबलेली. मी मामाला म्हणालो, शाळा पुरे. राजा बोले दळ हाले, म्हणत त्याने कानस उचलली.

तुझा नवा पाय आता पाचजण करतील. मापं आहेत, साचा आहे. अडणार नाही.

तुझा,
धाकटा

२० फेब्रुवारी
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
पाय मिळाला. छान बसला. अकराव्या वर्षापासूनचा हा माझा आठवा पाय. गोम व्हायला आता फार उशीर नाही. पाचही जणांना शाबासकी दे.

शाळेतून रजा घेतली आहे. पुस्तकं आवरायची राहिली होती. खिडकीजवळ खुर्ची ओढली आहे, तिथे दिवसभर उजेड असतो. मामाच्या उशाशी बसत जा. मालकपण दाराबाहेर काढून ठेव.

ताई

९ एप्रिल
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
परवा मामा गेला.

आदल्या दिवशी त्याला फेब्रुवारीपासूनची तुझी सगळी पत्रं वाचून दाखवली. ‘छान बसला’ ऐकून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग डाव्या हाताने खाटेवर ठोके दिले. एक जड, एक हलका. एक जड, एक हलका. मग थांबला. मला वाटलं, पाणी हवंय. मी पाणी पाजलं.

आज त्याच्या टेबलापाशी उभा राहिल्यावर कळलं, ते ठोके म्हणजे दुखऱ्या पायाची चाल होती. चालणाऱ्याला कधी विचारायचं नाही, हा त्याचा नियम. माणसं भिडेखातर बरं आहे म्हणतात, पावलं म्हणत नाहीत. मी तुला पत्रातून विचारत राहिलो. तुझ्या प्रत्येक पत्रात खुर्ची आहे, चालणं कुठेच नाही.

इतर गिऱ्हाइकांकडूनही तीन पाय परत आलेत. ताई, खरं लिही.

धाकटा

१६ एप्रिल
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
तिसऱ्या दिवशी जखम झाली. मार्चमध्ये डॉक्टरांनी आणखी चार बोटं हाड कापलं. गुडघा राहील की नाही, ते महिन्याभरात कळेल.

लिहिलं नाही, कारण तू त्या पाचजणांवर ओरडला असतास. ज्यांना दाखवलंच नाही, त्यांना चुकलात कसं म्हणायचं? मामासमोर मी खोटं बोलू शकले नसते. कागदावर जमलं. त्यात माझीही चूक आहे.

पाय परत पाठवते आहे. दुरुस्त करू नकोस. आत जिथे जिथे लागलं तिथे तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. तो मामाच्या टेबलावर ठेव. येत्या शनिवारी दोन वाजता कामं थांबव. त्या पाचांत तूही बस.

गुडघा राहिला तर मी येईन. नाही राहिला तरी येईन. मांडीपासूनचा पाय कसा करायचा, तेही त्यांना शिकायचंच आहे.

डोळे मिटून घ्या. मला काही विचारू नका. मी फक्त चालेन.

माया होती तेवढीच आहे.
तुझी ताई