तंबू परत देऊ नये

मी, खाली सही करणारी, निवृत्त बस कंडक्टर, अविवाहित, दादाने आणि मी मिळून घेतलेल्या तळमजल्यावरच्या घरात राहणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची झडप तेवढी ठिकाणावर नाही. ती येत्या आठवड्यात बदलायची आहे, म्हणून ही घाई. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. कोणी आणून तर पाहावं.

कलम १. घरातला माझा अर्धा हिस्सा माझ्या वहिनींना, म्हणजे दादाच्या पत्नीला, कोणत्याही अटीशिवाय मिळावा. नणंद-भावजय एका घरात राहतात म्हटल्यावर लोक भांडणाची वाट बघतात. आम्ही त्यांची निराशा केली. दादा गेल्यावर वहिनी वर्षभर खिडकीशी बसून होत्या. एक दिवस आपणहून म्हणाल्या, "वन्सं, डोंगर लांबूनच किती दिवस बघायचा?" त्या आठवड्यात आम्ही बूट घेतले.

कलम २. बँकेतल्या शिल्लकेतून आधी कलम ५ मधल्या तक्रारीचा खर्च भागवावा. उरेल ते वहिनींचं.

कलम ३. माझे बूट, काठ्या, स्टोव्ह आणि दोर आमच्या गिर्यारोहण मंडळाला द्यावेत. घरच्यांनी 'आता वय झालं' असं सांगितलेल्या बाईला ते प्रथम मिळावेत. बूट डाव्या पायाला जरा चावतात, हे तिला सांगावं.

कलम ४. तंबू. हे कलम लांब आहे, वकिलांनी कंटाळू नये.

तंबू हिरवा, दोघींपुरता. घेताना कंपनीने छापील शब्द दिला होता की आयुष्यभर दुरुस्ती करून देऊ. कोणाच्या आयुष्यभर, ते विचारायचं राहिलं. दांडी ज्या कापडी नळीतून जाते ती दाराजवळ फाटली, म्हणून तंबू कंपनीकडे पाठवला. परत आला तेव्हा फाटक्यावर एक ठिगळ चिकटवलेलं होतं आणि त्यावर एकच शिवण, तीही वाकडी. मी फोन केला.

"अहो, शिवणीत बोट घातलं तर आरपार जातंय."

"मग बोट घालू नका ना, काकू."

मी तंबू पुन्हा पाठवला. तसाच परत आला, फक्त वर 'तपासले' अशी चिठ्ठी लावून. त्या चिठ्ठीवर आम्ही विसंबलो.

खिंडीखालच्या पठारावर दुपारी वारा सुटला. वादळ नव्हे, वारा. तसल्या वाऱ्यात याच तंबूत बसून आम्ही पूर्वी पत्ते खेळलो होतो. ठिगळ एका झटक्यात उसवलं, दांडी कापड फाडून बाहेर आली आणि तंबू आमच्या अंगावर बसला. मागोमाग पाऊस. आसपास झाड नाही, माणूस नाही. वहिनींचे दात वाजायला लागले तेव्हा मी म्हटलं, थांबण्यात अर्थ नाही, उतरू. उतरताना ओल्या खडकावर त्यांचा पाय सरकला आणि खुबा मोडला.

त्या पडल्या होत्या तिथूनच मला म्हणाल्या, "माझ्याच्याने ओरडवत नाही. तुम्ही ओरडा."

मी ओरडले. खालच्या रानातले लाकूडतोडे वर येईपर्यंत ओरडत होते. डेपोत माझ्या आवाजाला नावं ठेवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

वहिनी चालतात, पण काठीने. डोंगर संपला.

हा तंबू कोणत्याही परिस्थितीत कंपनीला परत देऊ नये. तो धुऊ नये, शिवू नये. ठिगळ लोंबत आहे तसंच लोंबू द्यावं.

कलम ५. तक्रार. कंपनीने लेखी कळवलं की तंबू वाऱ्यात वापरल्यामुळे नुकसान झालं, दुरुस्तीत दोष नाही. मग काय तो दिवाणखान्यात लावायचा होता? मी ग्राहक न्यायालयात गेले. तेव्हा कंपनीचे एक साहेब नवा कोरा तंबू घेऊन घरी आले. अट अशी की जुना त्यांना द्यायचा आणि दुरुस्ती चांगली होती म्हणून सही करायची.

"काकू, तो फाटका ठेवून तुम्ही काय करणार?"

"तुम्ही नेऊन काय करणार?" मी विचारलं.

नवा तंबू मी दाराबाहेर नेऊन ठेवला.

आता त्यांचे वकील तारखांवर तारखा मागतात. माझ्या हृदयाचं त्यांना कळलेलं आहे. म्हातारी गेली की प्रकरण मिटलं, असा त्यांचा होरा आहे. मिटणार नाही. माझ्यामागे ही तक्रार पुढे चालवण्याचा अधिकार मी कलम ७ प्रमाणे देत आहे.

कलम ६. माझा भाचा, वहिनींचा एकुलता एक मुलगा. मी वहिनींना व्यायामासाठी दवाखान्यात नेलं होतं, ती संधी साधून याने त्या साहेबांना बोलावलं आणि तंबू माळ्यावरून काढून दिला. आम्ही परतलो तेव्हा साहेबांची मोटार सुरू होती आणि मागच्या काचेतून हिरवं कापड दिसत होतं. मी मोटारीपुढे उभी राहिले.

"आत्या, बाजूला हो, लोक बघतायत!"

"बघू देत. मी बेल दिल्याशिवाय गाडी सुटत नाही."

तंबू मी स्वतः उतरवून घेतला. नंतर भाचा म्हणाला, "आईला दुखतंय तेवढं पुरे नाही का? कोर्टकचेऱ्या कशाला?" तो वाईट नाही. भांडणाला घाबरतो, दादासारखाच. त्याला दादाचं मनगटी घड्याळ द्यावं. माफी या मृत्युपत्रात दिलेली नाही.

कलम ७. माझ्यामागे तक्रार ~~माझा भाचा~~ माझ्या वहिनी चालवतील.

या खाडाखोडीचा खुलासा करणं भाग आहे. भाच्याला अद्दल घडावी म्हणून मी त्याचं नाव घातलं होतं. काल दुपारी हे कलम वहिनींना वाचून दाखवलं. त्या वाटाणे सोलत होत्या. त्यांनी पातेलं बाजूला ठेवलं.

"खुबा माझा, आणि तक्रार त्याच्या नावावर?"

"वहिनी, न्यायालय तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट कायम बंद."

"मग?"

"डॉक्टर म्हणाले, जिना नको."

"डॉक्टर माझ्यासाठी काय काय नको म्हणतात, ते सगळं मला पाठ आहे."

त्या उठल्या आणि काठी घेऊन आमच्या इमारतीच्या जिन्याकडे गेल्या. एका पायरीवर दोन्ही पाय, दम, मग पुढची पायरी. भाचा धावत सावरायला आला. "हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी खाली उभी राहून कठडा घट्ट धरला होता, चढत त्या होत्या तरी. वरच्या मजल्यावर पोचून त्या पायरीवर बसल्या. कपाळावर घाम, चेहरा पांढरा.

"हं. आता खोडा."

मी खोडलं. भाचा मधल्या वळणावर उभा होता. त्याने विचारलं, "आणि कोर्टात तिसऱ्या मजल्यावर तंबू कोण नेणार?" वहिनींनी काठी त्याच्याकडे रोखली. तो घरात गेला, माळ्यावरून तंबू काढला आणि खांद्यावर घेऊन पाहिला. जड आहे म्हणाला. मी म्हटलं, ओला असताना उचलून बघ.

तरी कंपनीच्या वकिलांनी खुशाल तारखा मागाव्यात. वहिनी आज दुपारी पुन्हा जिना चढल्या.

वरील सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या देखत सही करत आहे. कलम ७ मधल्या खाडाखोडीवर माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

सही: निवृत्त बस कंडक्टर

साक्षीदार: १. माझ्या बसचे ड्रायव्हर, निवृत्त. २. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका. (वहिनींना सही करायची होती, पण वारसाला साक्षीदार होता येत नाही. त्यांनी शाई पुरवली.)

स्थळ: घराची पुढची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार