पट्टी मी लावली नव्हती

मोरबी,
ता. २ डिसेंबर २०२४

ती. आप्पांना सूरजचा नमस्कार.

परवा फोनवर तुमचं परत तेच. "तिकडं बसून नाय म्हनायला तुझं काय जातंय?" दिवाळीपासून आपलं हेच चाललंय. धाकट्या श्रेयाला रोडला ट्रॅक्टर चालवायला शिकवावं का म्हणून मला विचारायचं, आणि मी नको म्हटलं की चिडायचं. मी फोन आपटला तो माझा दोष, पण सुरुवात तुमची होती.

मी इथं बरा आहे. फरशीच्या कारखान्यात पेट्या भरतो. मालक लोडर चालवायला शिक म्हणाला, पगार वाढेल. मी नको म्हणालो. तुम्ही म्हणाल आळशी. तसं नाही.

श्रेया अल्लड आहे, मोबाईलमधून डोकं काढत नाही, असं मी म्हणालो ते खोटं आहे.

दिवाळीत ती चाऱ्याची ट्रॉली घेऊन शेतातून निघाली, मी शेजारी मडगार्डवर. रोडच्या तोंडाशी तिनं ट्रॅक्टर थांबवला, खाली वाकली आणि दोन्ही ब्रेक जोडायची पट्टी लावली. कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "शिकवायचं काय त्यात? शेतात वळायला एकच ब्रेक लागतो. रोडला एकच दाबला तर गाडी गर्रकन फिरंल की, दादा." मी तिला उतर म्हणून ओरडलो. पोरगी रडली. तुम्हाला तिनं सांगितलं नसेल.

आप्पा, आठ वर्षांपूर्वी मंचरच्या रोडला ब्रेक फेल झाला नव्हता. तुम्ही बांधावरून दोनदा ओरडलात, "सूरज, पट्टी लाव रं." मी नुसता हात केला. सोळा वर्षांचा होतो, शेतात लई चालवलेला, वाटायचं आपल्याला कोण सांगणार. गेणभाऊ सायकलवर पुढं आले. मी ब्रेक मारला, तो एकाच चाकाला लागला आणि ट्रॅक्टर त्यांच्यावरच वळला.

गेणभाऊ पाय धरून ओरडत होते. लोक जमायच्या आत मी वाकलो ते त्यांना उचलायला नाही. पट्टी लावायला.

मग तुम्ही मोटारसायकलवर आलात आणि पोलिसांना म्हणालात, "मीच चालवत व्हतो, ब्रेक फेल झाला." ब्रेकचं काम केलेला पप्पू मिस्त्री दारात येऊन सांगत होता, "आप्पा, माझं काम चोख व्हतं." तुम्ही त्याला हाकललंत, गावभर त्याचं नाव घालवलंत. मी तुमच्या मागं उभा होतो. गेणभाऊ अजून लंगडतात. मी सहा ठिकाणी कामं बदलली, घरी चार दिवसांच्या वर राहिलो नाही. कारण हे आहे.

श्रेया तयार आहे. मी कधीच नव्हतो. येत्या महिन्यात तिला अठरा पूर्ण होतील, तेव्हा लायसन काढूनच शिकवा. हा कागद आधी पप्पूला वाचून दाखवा. गेणभाऊंना मी येऊन सांगेन, ते तुम्ही सांगू नका.

आईला काय सांगायचं ते मला कळत नाही.

ज्याच्यासाठी तुम्ही खोटं बोललात, तो
सूरज

श्रेयाच्या लायसनला आणि शिकायच्या डिझेलला पाठवतोय, चार हजार दोनशे रुपये.