सत्तावीस अंशांचा कट

३ जून
अलकापुरीतल्या क्लिनिकात नात अवनीचा एक्स-रे. पाठीचा कणा उजवीकडे वाकलाय म्हणतात. कॉम्प्युटरवर मोजला, सत्तावीस अंश. पंचविसाच्या वर गेला आणि मूल वाढत्या वयात असलं की ब्रेस. म्हणजे काखेपासून कमरेपर्यंत प्लास्टिकचं चिलखत. नाही घातलं तर बाक वाढून पुढे ऑपरेशन. मर्यादा पंचवीस आणि आमची पोर सत्तावीस. इतिहास वाचलेल्या माणसाला असे योगायोग पटत नाहीत.
ऑपरेटर हार्दिकला पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा सत्तावीस. "जुओ काका, सेम ज आव्युं," म्हणाला गुजरातीत, म्हणजे तेच आलं. दोनदा शब्दशः तेच बोलतो, तो पढवलेला साक्षीदार.

५ जून
घरी स्वतः मोजलं. पद्धत सोपी. वरचा सगळ्यांत कललेला मणका, खालचा तसाच, दोघांना रेघा, मधला कोन. फिल्म खिडकीला चिकटवली. कोनमापक अवनीच्या कंपासपेटीतला. पहिल्यांदा एकोणीस. मग चोवीस. मग एकतीस, पण तेव्हा सूनबाई शलाका मागे उभी होती, हात मोकळा चालला नाही. तीन वेगळी उत्तरं, म्हणजे संगनमत नाही. एकोणीस ग्राह्य.
शलाका म्हणाली, "बाबा, तुम्ही दर वेळी वेगळा मणका धरताय." हिला मणके कुणी शिकवले? चौकशी करणे.

८ जून
गावातल्याच समा भागात डॉ. मानसिंगरावांकडे. जुने, पेन्सिलवाले. आमच्यासारखंच पलटणीतलं घराणं, विकले जाणार नाहीत. मोजलं, चोवीस. मी उठलो. "बसा उदयसिंहराव," म्हणाले आणि पुन्हा मोजलं. अठ्ठावीस. हाताने चार-पाच अंश इकडेतिकडे होतात म्हणे, कॉम्प्युटरने कमी होतात, पण मणका तिथेही माणूसच निवडतो. "आकड्याशी भांडू नका, पोरगी भराभर वाढतेय."
दुसऱ्या मोजणीच्या वेळी चहा आला होता. चहाने लक्ष विचलित होतं. घरी चोवीस सांगितलं.

९ जून
जेवताना बोललो. विषय: यंत्रांची गुलामगिरी. वरण गार झालं. ब्रेस या घरात येणार नाही. आणलाच तर क्लिनिकच्या दारात उपोषण. उपाय: माझ्या देखरेखीखाली रोज सूर्यनमस्कार.
अवनीने विचारलं, "आणि ऑपरेशन लागलं तर?" म्हटलं, मी आहे ना. ती आईकडे बघत राहिली.
शलाका म्हणाली, "बरं बाबा. तुमचंच खरं." विरोध मावळला. वाणी अजून शाबूत आहे.

२७ जून
प्रगती. अवनी ताठ बसते. पेन्सिल पडली तर पाठ न वाकवता गुडघ्यांत बसून उचलते. सूर्यनमस्कारांआधी खोलीचं दार लावून वेळ काढते, मन एकाग्र करत असावी. कपडे मात्र ढगळ. शलाका म्हणाली, फॅशन आहे.
हार्दिकचा शलाकाला फोन. गिऱ्हाईक हातचं गेलं, म्हणून मागे लागलेत. लक्ष ठेवणे.

२ ऑगस्ट
नवा एक्स-रे. शलाका मला न सांगताच करून आली. मशीनचे सोळा. माझे पंधरा. या वेळी एकदाच मोजलं. सत्याला दुसरी साक्ष लागत नाही. फिल्मवर कण्याशेजारी तीन पांढऱ्या चौकोनी खुणा. मशीन सदोष असल्याचा धडधडीत पुरावा.
आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात व्याख्यान ठरवलं: 'हात खरा, यंत्र लबाड'.

११ ऑगस्ट
काल व्याख्यान. सुरुवात जोरदार. अवनीला मंचावर बोलावलं. ती नको नको म्हणत होती, मला विनय वाटला. "हा पाहा जिवंत पुरावा," म्हणालो आणि माईकसमोर तिच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली.
टक्क. दार ठोठावल्यासारखं. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. मागून मंडळातले प्रतापराव म्हणाले, "कोण आहे आत?"
अवनी हळूच बोलली, पण माईक चालू होता. "आजोबा, बकल निघेल."
व्याख्यान आटोपतं घेतलं.
रिक्षात कळलं. ब्रेस जूनपासून घालते. नव्या एक्स-रेच्या वेळीही अंगात होता, त्या चौकोनी खुणा बकलांच्या. कपटच हे, असं म्हणालो. शलाका म्हणाली, "तुम्हाला पटवत बसले असते, तर तोवर हिची वाढ संपली असती." अवनी म्हणाली, सूर्यनमस्कार आवडतात. तेवढा वेळ तो काढता येतो.
रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

१२ ऑगस्ट
शलाका आज लवकर कामावर गेली. मागचा पट्टा अवनीला एकटीला ओढता येत नाही. मला हाक मारली.
पट्ट्यावर काळी खूण आहे, तिथपर्यंत ओढायचा. खूण कुणी केली, विचारलं. क्लिनिकातल्या दादाने, मार्करनं.
म्हणजे हाताने. मग ओढला.
"अजून, आजोबा," म्हणाली. "खूण आली नाही."